दाताला औषध लावले, मग सिमेंट का निघाले?

मागील महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. त्या घरी शिवणकाम करतात. दोऱ्याचे टोक दाताने तोडण्याची सवय, त्यात लहानपणापासून मशेरी. खालचे दोन दात हिरडीलगत झिजून त्यांत खाचा पडल्या. थंड पाणी तोंडात घेतले की कळ थेट मस्तकात जाई. त्या एका दवाखान्यात गेल्या. तेथे डॉक्टरांनी दात बळकट करण्याचे औषध लावले आणि रोज लावण्यासाठी मलमाची ट्यूब दिली. कळ पुष्कळ कमी झाली. आठ दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात त्यांनी त्या खाचांत दाताच्या रंगाचे सिमेंट भरून घेतले. दीड महिन्यात एका दाताचे सिमेंट भाकरीच्या घासाबरोबर निघून आले. पुन्हा भरले, पुन्हा निघाले. दोन वेळचे पैसे गेले, दोन दिवसांचे काम बुडाले. घरात सासूबाई म्हणतात, "काढून टाक गं तो दात, एकदाची सुटशील." भगिनी विचारतात, "दात बळकट करण्याच्या औषधामुळेच सिमेंट धरले नाही काय? मग औषध लावले ते चुकले, की सिमेंट भरले ते चुकले?"

पत्र वाचून आम्ही विचारात पडलो. हा प्रश्न एकट्या भगिनीचा नाही. सिमेंट दोनदा निघाले की माणूस कंटाळतो, डॉक्टरवरचा विश्वास उडतो आणि चांगला दात उपटून मोकळा होतो. आपल्या वस्त्यांत चाळिशीतच अर्धे तोंड रिकामे झालेली माणसे दिसतात, त्यामागे कीड जेवढी आहे तेवढाच हा कंटाळाही आहे. म्हणून आज या प्रश्नाचे उत्तर मुळापासून समजून घेऊ.

दाताचा बाहेरचा पांढरा, कडक थर म्हणजे इनॅमल. त्याच्या वजनात सुमारे 96 टक्के खनिज असते. त्याच्या आत पिवळसर रंगाचा थर असतो, त्याला डेंटीन म्हणतात. दाताचा मोठा भाग या डेंटीनचाच असतो. त्यात वजनाने सुमारे 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय पदार्थ आणि 10 टक्के पाणी असते. सेंद्रिय पदार्थात मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. ज्यांनी गावाकडे कुडाची भिंत लिंपली आहे त्यांना हे चटकन समजेल. चिखलात भुसा कालवून गिलावा करतात. चिखल म्हणजे खनिज आणि भुसा म्हणजे कोलॅजेनचे धागे. चिखलामुळे भिंत टणक होते आणि भुशामुळे ती तडकत नाही.

पण डेंटीनमध्ये आणखी एक गोष्ट असते. त्यात आतल्या नसेच्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत अतिशय बारीक नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेत, अशा हजारो नळ्या मावतात. त्यांत पाणी भरलेले असते. इनॅमल झिजले किंवा हिरडी खाली सरकली की नळ्यांची तोंडे उघडी पडतात. थंड लागले, वारा लागला, ब्रशचा केस लागला की नळीतले पाणी हलते आणि आतली नस कळवळते. स्वीडनमधील ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हे कारण पुढे मांडले व आज ते सर्वमान्य आहे. भगिनींच्या दाताला कळ येत होती ती अशी.

आता बळकट करण्याच्या औषधांकडे वळू. तोंडात साखर गेली की तोंडातले जंतू तिचे आम्ल बनवतात. त्या आम्लाने दातातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. इनॅमल साधारण 5.5 या आम्लतेला विरघळू लागते, पण डेंटीन त्याहून सौम्य आम्लातही लगेच विरघळते. नंतर लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातात जाऊन बसते. हे जाणे-येणे दिवसभर चालू असते. गेलेले खनिज परत भरणे म्हणजेच दाताचे पुनर्खनिजीकरण. निसर्गाचे हे काम वाढवणारी औषधे दंतवैद्यांकडे आहेत. ती ढोबळमानाने चार प्रकारची आहेत.

पहिला प्रकार फ्लोराईडचा. रोजच्या पेस्टमध्ये ते थोडे असते. दवाखान्यात लावतात त्या फ्लोराईड वॉर्निशमध्ये ते दहा लाख भागांत 22,600 भाग इतके असते. दुसरा प्रकार दुधातील केसीन या प्रथिनाच्या अंशात कॅल्शियम-फॉस्फेट बांधून केलेल्या मलमाचा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. ज्यांना दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्यांनी हे मलम वापरू नये. तिसरा प्रकार जैवक्रियाशील काचेचा. लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये अमेरिकेत हाडासाठी अशी काच बनवली. तिची बारीक भुकटी आता काही पेस्टमध्ये घालतात. लाळेत ती विरघळून दातावर खनिजाचा थर देते. चौथा प्रकार सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईड, म्हणजे चांदी आणि फ्लोराईड असलेले पाण्यासारखे औषध. ते कीड जागच्या जागी थांबवते, पण किडलेला भाग कायमचा काळा करते. जपानमध्ये ते 1970 च्या दशकापासून वापरात आहे. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. कळ कमी करणारी प्रत्येक पेस्ट दात बळकट करतेच असे नाही. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट नस शांत करते, नळ्या बुजवत नाही. ट्यूबवर काय लिहिले आहे ते वाचावे, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

आता सिमेंटकडे येऊ. पूर्वी दातात चांदी भरत. तिला चिकटण्याची गरज नसे. डॉक्टर खड्डा आतून रुंद, तोंडाशी अरुंद असा कोरत आणि चांदी त्यात अडकून राही. त्यासाठी चांगला दातही कोरावा लागे. शिवाय त्या चांदीत पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी 2013 मध्ये मिनामाता करार झाला आणि युरोपीय संघात 2025 पासून असे भरणे अपवाद वगळता बंद झाले. यापुढे जगभर चिकटणारी सिमेंटेच वाढत जाणार. म्हणून ती चिकटतात कशी, हे आपल्याला कळले पाहिजे.

1955 मध्ये अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर या दंतवैद्याने एक साधी गोष्ट केली. कारखान्यात रंग नीट बसावा म्हणून धातूवर फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्याला ठाऊक होते. तसेच आम्ल त्याने इनॅमलवर अर्धा मिनिट लावले आणि धुतले. इनॅमल खरखरीत झाले आणि त्याला राळेसारखा पदार्थ घट्ट धरू लागला. गवंडी गिलाव्यापूर्वी भिंतीला टाचे मारतो, त्यातलाच हा प्रकार.

डेंटीनवर मात्र हे काम फार अवघड गेले, कारण ते ओले आणि धाग्यांचे. तेथे आम्ल लावले की वरच्या काही मायक्रॉनमधला चिखल धुऊन जातो आणि नुसता भुसा उघडा पडतो. तो कोरडा केला की धागे एकमेकांवर आडवे पडून चिकटतात आणि डिंक आत शिरत नाही. पाणी जास्त राहिले तरी डिंक पातळ होतो. म्हणून डेंटीन किंचित ओलसर ठेवून डिंक त्या धाग्यांत मुरवायचा आणि मग निळ्या प्रकाशाने कडक करायचा, अशी रीत आली. जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये धागे आणि डिंक यांच्या या मिश्र थराचे वर्णन केले. दाताच्या रंगाचे सिमेंट, ज्याला कंपोझिट म्हणतात, ते डेंटीनला धरते ते या थराच्या जोरावर. हा थर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नसतो.

दुसऱ्या तऱ्हेचे डिंकही निघाले. त्यांत वेगळे आम्ल लावून धुवावे लागत नाही, डिंकातच सौम्य आम्ल असते. ते थोडे खनिज काढते, थोडे राहू देते आणि राहिलेल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करते. काम झटपट होते आणि नंतर कळही कमी येते. आज दोन्ही तऱ्हा वापरात आहेत.

आता भगिनींच्या प्रश्नाचा गाभा. बळकट करणारे औषध नळ्यांच्या तोंडात खनिज भरते आणि वर एक पातळ थर देते. कळ थांबण्यासाठी हे उत्तमच. पण डिंकाला शिरण्यासाठी जी वाट हवी तीच बुजते. शिवाय फ्लोराईड मुरलेले खनिज आम्लाला लवकर दाद देत नाही. म्हणजे दात जितका आम्लापासून सुरक्षित, तितकाच तो डॉक्टरच्या आम्लालाही चिवट.

तीव्र आम्लाने धुण्याची पहिली तऱ्हा वापरली तर हा थर बहुतेक निघून जातो आणि चिकटण्यात फारसा फरक पडत नाही. सौम्य आम्लाच्या डिंकाला मात्र हा थर भेदता येत नाही, आणि अनेक प्रयोगांत तेथे पकड कमी भरली. तरीही सरसकट नियम करता येत नाही. केसीनच्या मलमावर झालेल्या प्रयोगांत काहींत पकड कमी झाली, काहींत तेवढीच राहिली, तर काहींत वाढलीही. कारण जो डिंक कॅल्शियमशी बंध करतो, त्याला दातात कॅल्शियम जास्त मिळाले तर ते फायद्याचेच. औषध कोणते, डिंक कोणता, मध्ये किती दिवस गेले आणि वरचा थर साफ केला की नाही, यावर सारे अवलंबून असते. हे प्रयोग बहुतेक काढलेल्या दातांवर होतात. दातावर सिमेंट चिकटवून यंत्राने ते ओढतात आणि किती जोर लागला ते मोजतात. तोंडातली लाळ, हिरडीचे रक्त, भाकरीचा आणि सुपारीचा दाब तेथे नसतो. म्हणून प्रयोगातला आकडा म्हणजे तोंडातली खात्री नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईडबाबत थोडे अधिक स्पष्ट सांगता येते. ते लावून न धुता लगेच कंपोझिट भरले तर पकड कमी होते. पाण्याने नीट धुऊन, वरचा थर हलकेच घासून भरले तर ती पुष्कळ सुधारते. काच-आयनोमर सिमेंट त्यावर बरे धरते. हे सिमेंट इंग्लंडमध्ये ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी शोधले आणि 1972 मध्ये जगापुढे मांडले. ते दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच बंध करते, थोडा ओलावा सहन करते आणि हळूहळू फ्लोराईड सोडत राहते. ते कंपोझिटइतके मजबूत व सुबक नसते, पण लहान मुलांच्या, वृद्धांच्या आणि हिरडीलगतच्या दातांसाठी ते उपयोगी पडते. 1980 च्या दशकात टांझानियात वीज व यंत्र नसलेल्या ठिकाणी, नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे अनेक देशांत गेली.

यात आणखी एक गंमत अशी की, औषध न लावताही दात स्वतःच हे काम करीत असतो. वर्षानुवर्षे झिजलेल्या जागी शरीर आपोआप नळ्यांत खनिज भरते. ती जागा पिवळट, चकचकीत आणि काचेसारखी कडक होते. तेथे कळ कमी येते, पण डिंकही कमी धरतो. मशेरी लावणाऱ्यांच्या दातांवर अशा चकाकत्या खाचा हमखास दिसतात. अशा जागी डॉक्टरांना आधी यंत्राने वरचा थर थोडा खरवडून घ्यावा लागतो. जुन्या गुळगुळीत भिंतीवर टाचे न मारता गिलावा केला तर काय होते, हे गवंड्याला सांगायला नको.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी व बोअरच्या पाण्यात फ्लोराईड प्रमाणाबाहेर आहे. तेथे लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. असे इनॅमल आम्लाला चिवट असते, म्हणून डॉक्टर वरचा थर घासतात किंवा आम्ल अधिक वेळ ठेवतात. आपण कोणत्या गावी वाढलो, हे डॉक्टरांना सांगण्याने फरक पडतो तो असा.

आता घरगुती उपायाविषयी. दात ठणकला की आपण लवंगेचे तेल लावतो. कळ थांबते हे खरे. पण लवंगेच्या तेलातील युजेनॉल हा पदार्थ कंपोझिटच्या डिंकाला नीट कडक होऊ देत नाही. तात्पुरत्या भरण्याच्या सिमेंटातही बहुधा तोच असतो. म्हणून सिमेंट भरायच्या आदल्या रात्री तेल लावले असेल तर ते लपवू नये. तसेच दात पांढरे करण्याचे औषध लावल्यावर आठ-पंधरा दिवस कंपोझिट भरू नये, कारण त्या औषधातला प्राणवायू दातात राहतो आणि डिंक कडक होण्यात अडथळा आणतो. लग्नसराईत मुलींचे दात पांढरे करून लगोलग फट बुजवण्याची घाई होते, तेव्हा हे उपयोगी पडेल.

आतापर्यंत औषधाने पकड कशी कमी होते ते पाहिले. पण याची दुसरी बाजूही आहे. आम्लाने उघडे पडलेले धागे डिंकाने पूर्ण भिजले नाहीत तर तळाशी नुसता भुसा उरतो. ओल्या जागेतला भुसा कुजतो तसेच तेथे होते. दाताच्या आतच असलेली विकरे ते धागे हळूहळू तोडतात. 2004 मध्ये पॅशली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. आज घट्ट बसलेले सिमेंट दोन-चार वर्षांनी सैल होते, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून आता शास्त्रज्ञ उलट मार्गाने विचार करीत आहेत. त्या उघड्या धाग्यांत पुन्हा खनिज भरले तर ते कुजणार नाहीत आणि पकड टिकेल. कॅल्शियम-फॉस्फेट सोडणारे डिंक आणि सिमेंटे यासाठी तयार होत आहेत. म्हणजे खनिज भरण्याची क्रिया सिमेंटाची वैरीण नाही. ती डिंक मुरण्याआधी वाट अडवते की मुरल्यानंतर आधार देते, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा भगिनींना आमचे सांगणे असे. आपण औषध लावले ते चुकले नाही, आणि सिमेंट भरले तेही चुकले नाही. पहिल्या डॉक्टरने काय लावले हे दुसऱ्या डॉक्टरला कोणी सांगितले नाही, ही खरी उणीव. त्यात आपली खाच जुनी, बहुधा चकचकीत झालेली, हिरडीला लागून असल्याने ओल व रक्त येणारी. दोरा तोडण्याचा ताण रोजचा. ही सारी कारणे एकत्र आली असावीत. पत्रावरून याहून अधिक सांगणे आम्हास योग्य वाटत नाही. दात हलत नसेल, रात्री आपोआप ठणकत नसेल, तर तो काढण्याची घाई मुळीच करू नये. सासूबाईंना आमच्या वतीने सांगा, की काढलेल्या दाताच्या जागी नवा बसवायचा खर्च सिमेंटाच्या अनेक पटींनी असतो.

पुन्हा दवाखान्यात जाल तेव्हा पुढील गोष्टी कराव्या.

1. लावलेल्या औषधाची ट्यूब, वेष्टण किंवा चिठ्ठी सोबत न्यावी. किती दिवस लावले आणि शेवटचे केव्हा लावले ते सांगावे.

2. लवंगेचे तेल, मशेरी, तंबाखू, सुपारी जे काही असेल ते न लाजता सांगावे. त्यात कमीपणा नाही.

3. "डॉक्टरसाहेब, वरचा थर साफ करून भरणार ना?" असे आदराने पण स्पष्ट विचारावे. आपल्या दातात काय भरणार आहेत, कंपोझिट की काच-आयनोमर, हेही विचारावे. विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

4. कळ सहन होत असेल तर बळकट करण्याचे मलम आणि सिमेंट यांचा क्रम डॉक्टरांना ठरवू द्यावा. सिमेंट भरून झाल्यावर ते मलम लावण्यास सहसा हरकत नसते.

5. सिमेंट भरताना तोंडात लाळ साचू लागली तर हात वर करून थांबवावे. ओघळलेली लाळ गिळत बसल्याने सारे काम वाया जाते.

6. निघालेले सिमेंट फेकू नये, पुडीत बांधून न्यावे. ते दाताच्या बाजूने सुटले की मधूनच तुटले, यावरून डॉक्टरांना कारण कळते.

7. दोरा कात्रीने तोडावा. ही कात्री शिवणयंत्राला दोरीने बांधून ठेवावी, म्हणजे हात आपोआप तिच्याकडे जाईल.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे रांग असते, पण शिकणाऱ्या डॉक्टरांच्या कामावर अध्यापकांची नजर असते आणि खर्च कमी येतो. एक दिवस मोडेल, पण तिसऱ्यांदा सिमेंट निघून मोडणारा दिवस वाचेल.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हा लेख वाचून कोणी फ्लोराईडची पेस्ट बंद करू नये. रोज दोन वेळा ती लावल्याने सिमेंट निघत नाही, उलट सिमेंटाच्या कडेने नवी कीड लागणे टळते. सिमेंट कितीही चांगले असले तरी त्याच्या कडेचा दात राखण्याचे काम आपलेच. चहा-बिस्किट, गोळ्या-चॉकलेट दिवसातून दहा वेळा चालले तर लाळेला खनिज परत भरायला उसंत मिळत नाही. गोड खायचेच तर जेवणासोबत खावे, आणि झोपण्यापूर्वी दात घासल्यावर पाण्याशिवाय काही घेऊ नये.

भगिनींनी दवाखान्यातून आल्यावर काय झाले ते आम्हाला जरूर कळवावे. तिसरे सिमेंट टिकले तर ते आम्ही या पानावर आनंदाने छापू, आणि निघाले तर पुन्हा सोबत बसून कारण शोधू.